अर्थ पाठ, पण वाक्यात बसत नाही: प्रगत इंग्रजी शब्द वापरात कसे आणावेत

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी लेख वाचताना अवघड शब्द बऱ्यापैकी कळतात, याद्याही पाठ केल्या आहेत, पण लिहायला किंवा बोलायला बसले की ठरावीक साधे शब्दच तोंडी येतात. मुद्दाम एखादा भारदस्त शब्द घातला तर वाक्य विचित्र होते. काय करावे?

आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहू. यादीत 'मिटिगेट म्हणजे कमी करणे' असे लिहिलेले असते आणि ते पाठ होते. मग माणूस लिहितो, 'आय वाँट टू मिटिगेट माय वेट'. यादीच्या हिशेबाने यात चूक काहीच नाही, वजन कमीच तर करायचे आहे. तरीही असे इंग्रजीत कुणी म्हणत नाही. मिटिगेट ज्याला करायचे ते धोका, झळ, दुष्परिणाम या जातीचे लागते: रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज, इफेक्ट्स. वजन, वेग, किंमत ही 'रिड्यूस' होतात. यादीने अर्थ दिला, पण शब्दाची संगत दिली नाही. चूक तिथे झाली.

मराठीत आपण हे न शिकता पाळतो. झोप गाढ, विश्वास गाढ, पण विहीर खोल. उजेड लख्ख, अंधार मिट्ट. 'गाढ'चा अर्थ कुणी आपल्याला सांगितलेला नसतो. तो शब्द लहानपणापासून 'झोप'सकटच कानावर पडतो. इंग्रजी शब्द मात्र आपण सोबत्यांपासून तोडून एकटा उचलतो आणि मग त्याला मराठी अर्थाच्या जागी बसवू पाहतो. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्येच मांडले होते की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. शिकण्याचे एकक सुटा शब्द न धरता दोन-चार शब्दांचा तुकडा धरायचा. बाकी सगळी पद्धत यातून निघते.

शब्द 'येतो' असे म्हणण्यासाठी माझ्या मते चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: त्याच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात, वाक्यात त्याची चौकट कशी आहे, त्याला बरी-वाईट छटा आहे का, आणि तो कुठे शोभतो. चारही गोष्टी प्रत्येक शब्दाला सारख्या महत्त्वाच्या नसतात.

संगतीसाठी मिटिगेटचे दोन शेजारी घ्या. 'अलीव्हिएट' म्हणजेही हलके करणे, पण ते सोसणाऱ्याच्या बाजूने: पेन, सफरिंग, पॉव्हर्टी, सिम्प्टम्स, प्रेशर. औषध सिम्प्टम्स अलीव्हिएट करते. नदीकाठची भिंत पुराचा इम्पॅक्ट मिटिगेट करते. 'एग्झॅसर्बेट' हा उलट दिशेचा, पण त्याची एक अट विसरली जाते: जे चिघळवायचे ते आधीपासून वाईट असावे लागते. प्रॉब्लेम, टेन्शन्स, शॉर्टेज, सिम्प्टम्स एग्झॅसर्बेट होतात. चांगली चाललेली गोष्ट बिघडली तर हा शब्द चालत नाही, आणि माणसाला तर तो कधीच लागत नाही. 'ही एग्झॅसर्बेटेड मी' हे वाक्य 'एग्झॅस्परेट'शी झालेल्या गोंधळातून येते. वैताग आणणे तो शब्द वेगळा. 'इन्कर' (अंगावर ओढवून घेणे) याची संगत आणखी आखीव आहे: कॉस्ट्स, एक्स्पेन्सेस, डेट्स, लॉसेस, पेनल्टी आणि एखाद्याचा राग. नफा कधी इन्कर होत नाही.

चौकट म्हणजे शब्दापुढे काय येते. 'रिलक्टंट टू' आणि 'अव्हर्स टू' दोन्हींत 'टू' दिसतो, पण पहिल्यापुढे साधे क्रियापद येते आणि दुसऱ्यापुढे नाम किंवा 'इंग'वाले रूप: 'शी इज रिलक्टंट टू ट्रॅव्हल', पण 'शी इज अव्हर्स टू ट्रॅव्हलिंग'. 'कॉन्ड्यूसिव्ह टू', 'ससेप्टिबल टू', 'डिव्हॉइड ऑफ', 'फ्रॉट विथ' हे शब्द शेपटीशिवाय लिहूच नका. शेपटी वेगळी शिकायची ठरवली की ती नेमकी ऐन वेळी आठवत नाही.

छटेचा त्रास साध्या दिसणाऱ्या शब्दांतच जास्त होतो. 'कॉज' हे क्रियापद बहुतेक वेळा वाईट गोष्टींबरोबर येते: डॅमेज, डिले, कन्सर्न, डेथ. 'द न्यू टीचर कॉज्ड ग्रेट इम्प्रूव्हमेंट' यात व्याकरणाची चूक नाही, पण वाचणारा क्षणभर अडखळतो. तिथे 'ब्रॉट अबाउट' हवे. 'सेट इन' होणारे काय असते हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांनी मजकुरांचे मोठे साठे चाळून दाखवले होते: कुजणे, निराशा, घबराट. आनंद सहसा सेट इन होत नाही. 'रॅम्पंट'बरोबर भ्रष्टाचार, गुन्हेगारी, महागाई येते, 'नोटोरियस'बरोबर कुप्रसिद्धी. कोशातली एका ओळीची व्याख्या ही छटा बऱ्याचदा सांगत नाही, उदाहरणवाक्ये सांगतात. म्हणून व्याख्या वाचून कोश मिटू नका.

मराठीभाषकांच्या चुकांना एक ठरलेला साचा आहे, आणि तो कळला तर निम्मे काम होते. मराठीत आपण विषया'बद्दल' चर्चा करतो, मुद्द्या'वर' भर देतो, रजे'साठी' विनंती करतो. यातून 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन', 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह' अशी क्रियापदे तयार होतात. इंग्रजीत ही तिन्ही क्रियापदे थेट कर्म घेतात: 'डिस्कस द प्लॅन', 'एम्फसाइज द पॉइंट', 'रिक्वेस्ट लीव्ह'. गोंधळ पक्का होण्याचे कारण असे की त्यांची नामे मात्र शब्दयोगी घेतात: 'अ डिस्कशन अबाउट', 'ॲन एम्फसिस ऑन', 'अ रिक्वेस्ट फॉर'. हीच गोष्ट 'लॅक'ची. नाम असेल तर 'अ लॅक ऑफ कॉन्फिडन्स', क्रियापद असेल तर 'ही लॅक्स कॉन्फिडन्स'. 'लॅक्स ऑफ' कधीच नाही. 'डिमांड', 'ॲक्सेस', 'अप्रोच', 'इन्व्हेस्टिगेट' आणि 'इन्व्हेस्टिगेशन' याच रांगेतले. नवे क्रियापद वहीत आले की त्याच्या नामाचा तुकडा शेजारच्या ओळीत लिहा आणि शब्दयोगी असल्यास त्याखाली रेघ मारा. दोन्ही तुकडे समोरासमोर दिसले की भेसळ थांबते.

दुसरी ओढ अनेकवचनाची. मराठीत पुरावे, सल्ले, संशोधने असतात, म्हणून 'एव्हिडन्सेस', 'ॲडव्हाइसेस', 'रिसर्चेस' लिहिले जाते. इंग्रजीत एव्हिडन्स, ॲडव्हाइस, फीडबॅक, इक्विपमेंट, एक्स्पर्टीज, प्रोग्रेस हे शब्द मोजले जात नाहीत. मोजायचेच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'अ बॉडी ऑफ एव्हिडन्स'.

तिसरी ओढ 'अ', 'ॲन' आणि 'द' गळण्याची. मराठीत ही शब्दजात नाही, त्यामुळे कानाला तिची उणीव जाणवत नाही. यावर नियम पाठ करण्यापेक्षा सोपा उपाय आहे: प्रगत शब्दांपैकी बरेचसे ठरावीक उपपदासह गोठलेले असतात, ते तसेच उचला. 'अ प्लेथोरा ऑफ', 'अ डर्थ ऑफ', 'द इपिटमी ऑफ', 'बेअर द ब्रंट ऑफ', 'ॲट द बिहेस्ट ऑफ'. वहीत नुसते 'प्लेथोरा' लिहिले असेल तर ती नोंद अर्धवट समजा.

उलट काही ठिकाणी मराठीची रचना मदतीला येते. 'मला ते नाव आठवत नाही' यात करणारा 'मी' नसतोच. इंग्रजीत 'द नेम एलूड्स मी' म्हणतात, तिथेही कर्ता नावच. 'इट नेव्हर ऑकर्ड टू मी दॅट' आणि 'इट डॉन्ड ऑन मी दॅट' या रचना 'मला सुचलेच नाही', 'मला उमगले' यांच्या जवळच्या आहेत. मराठी माणसाला त्या लवकर साधायला हव्यात, पण फारसे कुणी वापरत नाही, कारण शाळेत प्रत्येक वाक्य 'आय'पासून सुरू करण्याची सवय लागलेली असते.

आता शब्द कोणते घ्यायचे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे अडखळल्याशिवाय वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुटुंब) कळावी लागतात. बोललेले समजायला ६,००० ते ७,०००. यात 'अडखळल्याशिवाय' म्हणजे मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे, म्हणजे दर ५० शब्दांत एक अनोळखी. आकडा पाहून घाबरू नका, कारण हे फक्त कळण्यासाठी आहे. वापरात असणारे शब्द कुणाचेही, अगदी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचेही, यापेक्षा बरेच कमी असतात.

म्हणून भेटणाऱ्या प्रत्येक शब्दाचे तीनपैकी एका ढिगात वाटप करा: वापरायचे, फक्त ओळखायचे, सोडून द्यायचे. 'पर्स्पिकेशस' किंवा 'पुल्क्रिट्यूड' ओळखीच्या ढिगात टाकून मोकळे व्हा. ते वापरणारा माणूस हुशार वाटण्यापेक्षा याद्या पाठ केलेला वाटतो. वापराच्या ढिगात येण्यासाठी एक साधी चाळणी पुरते: शब्द पंधरा दिवसांत दोन वेगळ्या ठिकाणी भेटला पाहिजे, आणि तो आपल्या कामाच्या एखाद्या वाक्यात लगेच बसला पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी चुकले तरी थांबा. भेटेल पुन्हा, गरजेचा असेल तर.

शैक्षणिक किंवा कार्यालयीन लेखन करायचे असेल आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची 'ॲकॅडमिक वर्ड लिस्ट' घ्या. तीत ५७० शब्दकुटुंबे आहेत, वापराच्या वारंवारतेनुसार दहा भागांत लावलेली; पहिल्या नऊ भागांत प्रत्येकी ६० आणि शेवटच्यात ३०. सर्वांत नेहमीची २,००० शब्दकुटुंबे मुद्दाम वगळून ती केली आहे, आणि शैक्षणिक मजकुरातला सुमारे १० टक्के भाग एवढ्यांनी व्यापला जातो. त्यात 'सिग्निफिकंट', 'डिराइव्ह', 'कन्स्ट्रेन', 'इन्हिबिट' असे शब्द आहेत, झगमगाट नाही. पण लेखन प्रौढ वाटते ते अशा शब्दांच्या अचूक वापराने. स्पर्धा परीक्षांसाठी विकल्या जाणाऱ्या 'हजार अवघड शब्द' छापाच्या याद्यांचा मला भरवसा वाटत नाही. त्यांत वारंवारतेचा विचार नसतो आणि शेजारच्या दोन शब्दांत शंभरपट फरक असू शकतो.

कोश मात्र शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या. लाँगमनचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश १९७८ पासून सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांतच व्याख्या देतो. १९८७ चा कोबिल्ड पूर्ण वाक्यात व्याख्या देतो, त्यामुळे चौकट आपोआप दिसते. ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात अनेक शब्दांपुढे ए-१ ते सी-१ अशी, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी पातळी दिलेली असते. बी-२ आणि सी-१ ही खूण असलेले शब्द तुमच्या कामाचे. शब्दाच्या सोबत्यांचे वेगळे कोशही मिळतात. इंग्रजी-मराठी कोश पहिल्या नजरेला अर्थ समजण्यापुरता बघा, तिथे थांबू नका.

किती शब्द घ्यायचे? आठवड्याला दहा. हा आकडा ऐकून लोक नाराज होतात, म्हणून हिशेब करून बघा. एक शब्द टिकायला साधारण सहा उजळण्या लागतात असे धरू: त्याच दिवशी संध्याकाळी, मग दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या, पंचविसाव्या आणि साठाव्या दिवशी. आठवड्याला दहा शब्द म्हणजे घडी बसल्यावर आठवड्याला ६० उजळण्या, दिवसाला आठ-नऊ, म्हणजे दहा मिनिटांचे काम. रोज वीस नवे शब्द घेतले तर तोच हिशेब दिवसाला १२० उजळण्यांवर जातो. महिन्याभरात थकबाकी साचते आणि सगळेच बंद पडते. बहुतेकांचे शब्दसंग्रहाचे संकल्प स्मरणशक्तीमुळे नाही, या बेरजेमुळे मोडतात.

अंतर वाढवत उजळणी करण्यामागचे कारण जुने आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि नंतर मंदावतो. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यावर कार्डांच्या पेट्यांची पद्धत मांडली: आठवले की कार्ड पुढच्या पेटीत, विसरले की पहिल्या पेटीत परत. 'आंकी'सारखी ॲप हेच आपोआप करतात. ॲप वापरा नाहीतर खोकी, फरक पडत नाही. फरक पडतो तो कार्डावर काय लिहिले आहे यामुळे.

समोर इंग्रजी शब्द आणि मागे मराठी अर्थ असे कार्ड फक्त ओळखायला शिकवते. लिहिताना मेंदूला उलटे जायचे असते, प्रसंगाकडून शब्दाकडे. म्हणून वापराच्या ढिगातल्या शब्दाचे कार्ड गाळलेल्या जागेचे करा. समोर: 'प्लांटिंग ट्रीज अलाँग द रिव्हर कॅन मि_____ द इम्पॅक्ट ऑफ फ्लड्स', खाली मराठीत 'झळ कमी करणे'. मागे: 'मिटिगेट द इम्पॅक्ट, रिस्क, इफेक्ट्स ऑफ', नाम 'मिटिगेशन', आणि एक इशारा: 'अगेन्स्ट' लावू नये. (ती चूक 'मिलिटेट अगेन्स्ट' या वेगळ्या क्रियापदाच्या गोंधळातून होते, आणि चांगल्या चांगल्या लिहिणाऱ्यांकडून होते.) कार्डावर इंग्रजी रोमनमध्येच लिहा, नाहीतर स्पेलिंग कधी पक्के होणार नाही. उत्तर उलटून बघण्याआधी ते मोठ्याने म्हणा किंवा लिहा. नुसते 'हो, येत होते' म्हणून पुढे जाणे ही उजळणी नव्हे. स्वतःहून आठवण्याच्या धडपडीने शब्द पक्का होतो, पुन्हा वाचण्याने फारसा नाही.

ओळखीच्या ढिगासाठी मात्र झटपट युक्त्या चालतात. १९७५ मध्ये ॲटकिन्सन आणि रॉ यांनी अभ्यासलेली ध्वनिखुणेची पद्धत आहे: परक्या शब्दासारखा वाजणारा आपला शब्द शोधायचा आणि दोघांचे एक चित्र करायचे. 'गॅर्युलस' म्हणजे वटवट्या. तोंडाचा पट्टा अखंड चालवणारा गारुडी डोळ्यापुढे आणा. अशी खूण अर्थ आणून देते, पण संगत देत नाही, म्हणून वापराच्या शब्दांना ती एकटी पुरत नाही.

वाक्ये बनवताना बहुतेकांचे वाक्य शब्दाला पेलत नाही. 'हिज वर्क इज मीटिक्युलस' घ्या. मीटिक्युलस काढून तिथे 'गुड', 'स्लो', 'बोरिंग' काहीही ठेवा, वाक्य उभे राहते. असे वाक्य शब्दाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून ते लक्षातही राहत नाही. आता हे पाहा: 'शी इज मीटिक्युलस अबाउट रेकॉर्ड्स: एव्हरी फाइल इज लेबल्ड अँड एव्हरी डेट चेक्ड ट्वाइस'. शब्द झाकला तरी काय असणार हे कळते. स्वतःच्या प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावा. शब्द झाकून दुसऱ्याला दाखवा. त्याला जवळपासचा अंदाज करता आला नाही तर वाक्यात कारण, परिणाम किंवा तपशील घाला.

वाक्यापर्यंत पोचण्याचा क्रम असा ठेवा. आधी कोशातून किंवा मोठ्या मजकूरसाठ्यातून तीन खरी वाक्ये उतरवा आणि शब्दाच्या डावी-उजवीकडे काय आले त्यावर खूण करा. मग एका वाक्यातली फक्त एक जागा बदला: इम्पॅक्ट ऑफ फ्लड्सऐवजी इम्पॅक्ट ऑफ अ स्ट्राइक. बाकी सांगाडा तसाच. दुसऱ्या दिवशी पूर्णपणे स्वतःचे वाक्य, खऱ्या गोष्टीबद्दल: तुमचे काम, घर, चालू घडामोडी. राजा-राणीची काल्पनिक वाक्ये नकोत, कारण ती पुन्हा कधी म्हणायची वेळ येत नाही. आठवड्याच्या शेवटी दहापैकी तीन शब्द घेऊन ८० ते १०० शब्दांचा एक परिच्छेद लिहा. तीनच, आणि एका वाक्यात एकापेक्षा जास्त नाही. दहाच्या दहा कोंबले की परिच्छेद शब्दांसाठी लिहिला जातो, विषय बाजूला पडतो. लिहून झाल्यावर एकेक प्रगत शब्द काढून साधा शब्द ठेवून बघा. अर्थ तसाच राहिला आणि वाक्य सुटसुटीत झाले, तर साधाच ठेवा. 'कमेन्स', 'युटिलाइज', 'एन्डेव्हर' हे शब्द बहुतेक वेळा या परीक्षेत नापास होतात. 'मिटिगेट' टिकतो, कारण त्याच्या जागी एक नेमका साधा शब्द सापडत नाही.

समानार्थी शब्दांचे गठ्ठे एकत्र पाठ करू नका. 'हॅपी'साठी इलेटेड, एक्स्टॅटिक, ज्युबिलंट, कंटेंट अशा ओळी छान दिसतात, पण टिंकहॅम आणि वेअरिंग या संशोधकांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकणे सुट्या शब्दांपेक्षा अवघड गेले. ते एकमेकांत मिसळतात. विरुद्धार्थी जोड्यांचीही तीच गत: 'इम्प्लिसिट' आणि 'एक्स्प्लिसिट' एकाच दिवशी शिकलेल्याला पुढे कोणता कोणता हे आठवत नाही. एक पक्का होऊ द्या, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा घ्या, आणि तेव्हा फरक लिहा. कंटेंट माणूस शांत असतो, इलेटेड माणूस एखाद्या बातमीने हरखलेला असतो, ज्युबिलंट बहुधा विजयानंतरचा जमाव असतो.

दिसायला-ऐकायला सारख्या शब्दांनाही हाच न्याय लावा. 'ॲडव्हर्स' हवामान, परिणाम, परिस्थिती असते. 'अव्हर्स' माणूस असतो. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेचे, 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचे. 'वेअरी ऑफ' म्हणजे सावध आणि 'वीअरी ऑफ' म्हणजे कंटाळलेला. मराठीत 'व' एकच असल्याने 'व्हेरी'सारखे ऐकू येणारे 'व्हेअरी' (बदलणे) हे क्रियापदही याच गर्दीत येऊन पडते. हे तिघे मोठ्याने वाक्यात म्हणूनच सुटे होतात.

लॅटिन मुळे आणि उपसर्ग शिकावेत का? हो, पण अंदाजापुरते. 'क्रेड' म्हणजे विश्वास हे माहीत असले की क्रेडिबल, क्रेड्युलस, क्रेडेन्स एका खुंटीला लागतात. फसवणारे शब्दही कमी नाहीत. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे अमूल्य, 'इन्फ्लॅमेबल' म्हणजे पेटणारे, 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्ष. 'एनर्व्हेट' ऊर्जा देणारे वाटते, पण त्याचा अर्थ गळून जायला लावणे असा आहे. लॅटिनमध्ये त्यामागे स्नायूची शीर काढून घेण्याची कल्पना आहे. मुळावरून केलेला अंदाज कोशात पडताळल्याशिवाय कार्डावर चढवू नका.

उच्चार शब्द शिकतानाच ऐका. वाचून शिकलेला शब्द बोलताना तोंडातून निघत नाही, त्यामागे अनेकदा उच्चाराची धास्तीच असते. 'एपिटोम' नव्हे 'इपिटमी', 'हायपरबोल' नव्हे 'हायपर्बली', 'सबटल' नव्हे 'सटल', 'इन्डिक्ट' नव्हे 'इन्डाइट', 'रॅपोर्ट' नव्हे 'रॅपॉर', 'ऑरी' नव्हे 'अराय'. आघाताकडेही लक्ष द्या: ॲनलाइजमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, अनॅलिसिसमध्ये दुसऱ्यावर, ॲनलिटिकलमध्ये तिसऱ्यावर. शब्दकुटुंब शिकताना जोर सरकतो का ते कार्डावर टिंब देऊन दाखवा.

वाक्य तपासायला जाणकार माणूस मिळाला तर उत्तमच. नसेल तर मार्क डेव्हिस यांनी उभारलेला समकालीन अमेरिकन इंग्रजीचा साठा ऑनलाइन शोधता येतो. त्यात १ अब्जाहून अधिक शब्दांचा मजकूर आहे. आपले अख्खे वाक्य शोधू नका, संशयाचा तुकडा शोधा: 'मिटिगेट' आणि त्यापुढे येणारी नामे. तुमचे नाम पहिल्या तीस-चाळीसांत दिसले नाही तर ते बदला. गूगलवरच्या निकालांच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका, कारण 'डिस्कस अबाउट'सारख्या चुकाही तिथे भरपूर मिळतात. संभाषण करणाऱ्या संगणकीय साधनाला 'हे बरोबर आहे का' असे विचारले तर ते बऱ्याचदा होकार देते. त्याऐवजी 'या क्रियापदाबरोबर नेहमी येणारी दहा नामे सांग' असे विचारा आणि उत्तर कोशाशी ताडून बघा.

एखादे कार्ड चार-पाच वेळा सलग चुकत राहिले तर तेच वाक्य घोकत बसू नका. बहुतेकदा वाक्य कमकुवत असते किंवा तशाच दुसऱ्या कार्डाशी गल्लत होत असते. दोन्ही कार्डे शेजारी ठेवून बघा, एक कार्ड महिनाभर बाजूला काढा आणि उरलेल्याचे वाक्य नवे लिहा. तरीही चुकले तर तो शब्द ओळखीच्या ढिगात परत पाठवा.